दिव्याखाली जागतिक बँक

जागतिकीकरण म्हटलं की ठाण्यापलीकडच्या माणसाला वाटतं, ही भानगड दावोसची, जिनिव्हाची, गेला बाजार बांद्रा-कुर्ला संकुलाची. आपला संबंध फार तर न्यू जर्सीतल्या मुलाच्या व्हिसापुरता. 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जाची फी एक लाख डॉलर झाली, त्या रात्री डोंबिवली पूर्वेत बऱ्याच घरांत झोप नव्हती, हे खरं. पण जगाशी आपलं नातं त्याहून जुनं आहे. आपण जगाचे कर्जदार आहोत आणि हप्ता लोकलच्या पासातून भरतो.

पासाच्या रकमेत एमयूटीपीचा अधिभार असतो. तो कशासाठी, हे विचारायला खिडकीवर थांबलात तर मागचे लोक तुम्हाला फोडतील, म्हणून इथेच सांगतो. 2002 साली जागतिक बँकेने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी, म्हणजे एमयूटीपीसाठी, 54 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले. 2010 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी 43 कोटी. मधल्या काळात, 2007 पासून, सीमेन्सच्या गाड्या आल्या. डबे पेरांबूरचे, वीजयंत्रणा जर्मन, पैसा वॉशिंग्टनचा, आणि दारात लोंबकळणारा शंभर टक्के स्वदेशी.

तिसऱ्या टप्प्याला सावकार बदलला. 2020 च्या जूनमध्ये गलवान झालं, महिनाअखेरीला चिनी ॲपवर बंदी आली, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चिनी माळा न घेण्याच्या शपथा झाल्या. ऑगस्टमध्ये बीजिंगला मुख्यालय असलेल्या एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँकेकडून 50 कोटी डॉलर घेण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्या बँकेत चीननंतर सर्वांत मोठा भागधारक भारतच आहे, त्यामुळे तिला परकी म्हणणंही अवघड. माळांवरचा बहिष्कार मात्र कडक पाळला गेला.

आता हे पैसे देणारे ठरवतात कसे, ते कल्याण-डोंबिवलीकराइतकं कुणालाच पटकन कळणार नाही. 1944 साली ब्रेटन वूड्सच्या परिषदेतून जागतिक बँक आणि नाणेनिधीची गाडी सुटली तेव्हा जे आधी चढले, त्यांना खिडक्या मिळाल्या. आपले सी. डी. देशमुख त्या परिषदेला होते. रशिया शेवटी चढलाच नाही, म्हणून नाणेनिधीत पाचवी मोठी जागा भारताला मिळाली. ती पुढे सरकत सरकत तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर आली: बसलोय असं म्हणता येतं, पण अर्धा देह बाहेर. आज आपली मतं अडीच टक्क्यांच्या जरा वर आहेत. मोठ्या निर्णयाला 85 टक्के लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त, म्हणजे तिने मान हलवली नाही तर काही होत नाही. जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा, हेही लेखी कुठे नाही. रुमाल टाकलेला आहे, बस. 2023 मध्ये अध्यक्ष झालेले अजय बंगा जन्माने खडकीचे, पण खुर्ची अमेरिकी पासपोर्टावर मिळाली. पुणेकरांनी तेवढ्यावर समाधान मानलं असावं.

लोकलला एवढी गर्दी झाली कशी, याचंही उत्तर जगातच आहे. ठाण्यात कोलशेतला जर्मन बायर आणि स्विस क्लॅरियंट रसायनं बनवत. त्या जमिनी बिल्डरांना विकल्या गेल्या आणि तिथे टॉवर उगवले. डोंबिवलीजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात 1994 पासून फ्रेंच प्यूजो मोटार जोडली जायची. दशक संपायच्या आत तो संसार मोडला, आता तिथे गृहसंकुलं आहेत. निळज्या-खोणीच्या शेतांत इटालियन नावांची घरं आली. कामाला जायची ठिकाणं गेली, कामाला जाणारी माणसं आली. मग त्यांना नेण्यासाठी कर्ज.

आणि कर्ज कुणाला कसं मिळतं, ते पाहायचं तर दिव्याला उतरावं. (उतरता आलं तर.) दिव्याहून सीएसएमटीला सुटणारी लोकल हवी, ही दिवेकरांची जुनी मागणी. 2015 च्या जानेवारीत तिथे रूळ अडवले गेले, गाड्यांवर दगड पडले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षअखेरीला जलद गाड्या थांबू लागल्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये खुली झाली. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग घरांच्या पुनर्वसनात रुतला. त्यातलं दिघा गाव स्थानक तेवढं 2024 मध्ये उघडलं. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली, जीव गेले. मग बंद दारांच्या लोकलची घोषणा झाली.

पण दिव्याला जग विसरलेलं नाही. शेजारी म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक येतंय. जपानचं कर्ज सुमारे 88 हजार कोटी, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं हप्ता नाही. (निळज्यात वन बीएचके घेणाऱ्याने हे आकडे गृहकर्जाच्या टेबलावर वाचून दाखवू नयेत, अपमान होतो.) तेव्हा दिवेकरांनी सीएसएमटीचा हट्ट सोडून साबरमतीला नोकरी बघावी. बसून जाता येईल.

तक्रार कुठे करायची? त्याचीही सोय आहे, फक्त स्टेशनमास्तरकडे नाही. एमयूटीपीतल्या रस्त्यांच्या कामात उठवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी 2004 मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे धाव घेतली. बँकेने 1 मार्च 2006 ला रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले, सरकारची पळापळ झाली, जूनच्या शेवटी पैसे पुन्हा सुरू झाले. म्हणजे कुर्ल्याचा आवाज मंत्रालयात पोचायला वॉशिंग्टनला बदली करावी लागते.

त्यावरून सुचलेला एक ठराव. बँक आणि नाणेनिधीची वार्षिक सभा तीन वर्षांतून एकदा वॉशिंग्टनबाहेर भरते. 2023 मध्ये मराकेशला झाली. एखादी आपल्याकडे घ्यावी. सभा फोर्टला रिझर्व्ह बँकेत, सकाळी ठीक 10 वाजता; पाहुण्यांची उतरायची व्यवस्था दिवा पूर्वेला. एमयूटीपीच्या कागदांत गर्दीच्या वेळी चौरस मीटरला 14 ते 16 उभे प्रवासी धरलेले आहेत, त्यामुळे दोन-चार शिष्टमंडळं एकाच दारातून सहज जावीत. अमेरिकेच्या प्रतिनिधीला दारात उभं करावं, अडवण्याचा अनुभव त्यालाच. गणसंख्या भरली नाही तर काळजी नको. आमच्या सोसायटीच्या नियमाप्रमाणे सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सुरू होईल. त्याच ठिकाणी म्हणजे दिव्याच्या फलाटावर, कारण सदस्य तिथेच असतील.