सामायिक फोल्डरातले मुंडकार

अखेर आमच्या कॉलेजात सामायिक फोल्डर आला. कॉलेजचे नाव विचारू नका, नोकरी आहे. पेडण्याची आणि डिचोलीची मुले एकाच बाकावर बसून एकमेकांच्या बोलीची टिंगल करतात, एवढी खूण पुरे.

एका यंत्रातली फाइल दुसऱ्यात कशी पाठवावी, याचे नियम अभय भूषण यांनी १९७१ च्या एप्रिलमध्ये लिहून काढले. गृहस्थ आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. आमच्याकडे मात्र परवापर्यंत वेळापत्रक शिपायाच्या खिशातल्या पेनड्राइव्हमधून जिना चढत होते, आणि वाटेत दोन व्हायरसही सोबत घेत होते.

नेटवर्कवाल्या पोराने एका दुपारात काम उरकले. ‘‘सर्व्हरवर सांबा घातलाय,’’ तो म्हणाला. हेडक्लार्कांनी सांब सदाशिव समजून डोळे मिटले. खरी पंचाईत पुढे झाली. पोराने विचारले, ‘‘सर, कोणाला नुसते वाचायचा हक्क, कोणाला लिहायचा आणि कोणाला फुल कंट्रोल?’’

हा प्रश्न गोव्यात विचारायचा नसतो. इथे एक-चौदाच्या उताऱ्यावर एका आंब्याला अकरा नावे असतात. आंबा कोणी विकू शकत नाही, कोणी तोडू शकत नाही, आणि खातो माकड. नुसत्या वाचनाच्या हक्कावर सही करायला एकही विभाग तयार होईना. वाणिज्यवाल्यांना लिहायचा हक्क मिळणार म्हटल्यावर मराठीवाल्यांनी फुल कंट्रोल मागितला. तोडगा म्हणून सगळ्यांनाच तो दिला. पोरगा कळवळून म्हणाला, ‘‘सर, मागीर कोणूय कितेंय डिलीट करतलो!’’

डिलीट कोणी काहीच केले नाही. सगळ्यांनी फक्त आणून टाकले. वार्षिक अहवालाच्या फोल्डरात कोणाच्या तरी मुंजीचा व्हिडिओ सापडला, तोही तीन प्रतींत. निवृत्त होऊन दोन वर्षे झालेल्या सरांचा फोल्डरही इथे नांदतो आहे. काढा म्हटले, तर सगळे १९७५ चा मुंडकार कायदा आठवल्यासारखे गप्प. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराने एकदा चूल मांडली की उठवायचे कसे?

त्यात चवथ आली. लेखापालांनी पगाराचा तक्ता उघडला, तसाच उघडा ठेवला आणि माटोळीचे सामान आणायचे म्हणून दोन दिवस आधीच गाव गाठले. खोलीची किल्ली त्यांच्याच कनवटीला. आम्ही तक्ता उघडावा, तर पाटी यायची: फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे, फक्त वाचा. आपलाच पगार नुसता वाचायचा! प्राचार्यांचा फुल कंट्रोलही त्यापुढे चालेना. दुसऱ्या दिवशी दुपारी गडगडाट झाला, वीज गेली, लेखापालांचे यंत्र विझले आणि वीज परतताच तक्ता मोकळा झाला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत वीज गेली म्हणून पगार वेळेवर झाल्याचे हेच एक उदाहरण.

आता फोल्डरावर देखरेख करायला समिती नेमली आहे. तिची पहिली बैठक झाली; इतिवृत्त शिपायाच्या हाती पेनड्राइव्हमधून फिरते आहे.

तेवढे एक राहिले. ‘फायनल नवीन शेवटचे दोन’ ही फाइल ज्या कोणाची असेल, त्याने ओळख पटवून ती तुळशीच्या लग्नाआधी घेऊन जावी. डिस्क भरली आहे.