खांदेश्वर ते मस्कत, व्हाया कुर्ला

मराठीत प्रवासवर्णनं उदंड झाली, पण त्यातला प्रवासी बहुधा हौसेनं निघालेला असतो. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून निघालेल्या गवंड्याचं वर्णन फारसं कोणी करत नाही, कारण त्याच्या प्रवासातला अवघड टप्पा विमानात नसतोच. ८ ऑक्टोबर २०२५ला खांदा कॉलनीच्या शेजारी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मस्कत अगदी उंबऱ्याशी आल्यासारखं वाटलं. गवंड्याचं मस्कत मात्र अजून उलट्या दिशेला आहे: हार्बर लाइननं कुर्ला, तिथून वांद्रे-कुर्ला संकुलातलं विदेश भवन. परदेशी कामाला जायच्या परवानगीचा अर्ज हल्ली 'ई-मायग्रेट' पोर्टलवर होतो, त्यामुळे पाय वाचतात. कागद वाचत नाहीत.

या प्रवासात सगळ्यात मोलाचं सामान कोणतं, तर दहावी नापास असणं. चेष्टा नाही. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेऱ्याचा निघतो आणि आखाती देशांसह १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. त्यासाठी कामाचा करार दाखवावा लागतो, पगार कागदावर यावा लागतो आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, म्हणजे टाइल्सच्या एका खोक्यापेक्षा कमी. पोराला दहावी करण्यासाठी बापानं क्लास लावला, तर पास होताच हे सगळं सक्तीचं कवच गळून पडतं. सरकारचा हिशेब असा, की दहावी झालेल्याला कोणी फसवू शकत नाही. बीजगणिताचा एवढा सन्मान खुद्द शिक्षण मंडळानंही केला नसेल.

यावर कोणी म्हणेल, हा शेरा म्हणजे कपाळावरचा अपमान आहे आणि त्यात दिवस फुकट जातात. दिवस जातात, हे खरं. पण याच घाईवर विनापरवाना एजंटाचं दुकान चालतं: "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बघू." बघायला तिकडे कोणी नसतं, आणि नोंदणीकृत एजंटाला घालून दिलेली ३० हजार रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा या विनापरवाना एजंटाच्या गावीही नसते. शेऱ्याचा भूगोलही जरा मजेशीर आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये भारत-इस्रायल करार झाला आणि युद्ध चालू असलेल्या देशासाठी सेंट्रिंग, सळई, टाइल्स आणि गिलाव्याची माणसं निवडली जाऊ लागली. त्या १८ देशांत इस्रायल नाही, थायलंड आहे.

मग शहाणे विचारतात, एवढा खटाटोप कशाला? दाराशी विमानतळ आहे, टॉवर उठतायत, इथंच काम करावं. करतोच की तो. फक्त इथं करार तोंडी, हजेरी मुकादमाच्या डायरीत. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला हवा, आणि नाक्यावरच्या माणसाचा मालक तर आठवड्यात तीनदा बदलतो. सोमवारचा मालक कळंबोलीला, बुधवारचा कामोठ्याला, शुक्रवारच्यानं नाव सांगितलेलंच नसतं. मस्कतच्या मालकाचं नाव निदान करारावर छापलेलं असतं.