वाडा न पाडणारा माणूस

हिंजवडीतल्या रात्रपाळीत तरुण मंडळी हेडफोन लावून बसलेली असतात, आणि एका कोपऱ्यात काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं न्याहाळत एक गृहस्थ बसलेला असतो. एसीसाठी स्वेटर, स्टीलचा डबा, दोनशे पानी वही. हा मेनफ्रेमवाला. समोर सगळे त्याला ‘सर’ म्हणतात, माघारी ‘काका’.

काकाच्या लेखी जगात दोनच प्रकारचे लोक: फॉरमॅट मारणारे आणि सज्जन. जुनं न टाकण्याचा हा गुण मेनफ्रेमच्या घराण्यातूनच आलेला. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्या आजच्या वारसावर, झेड मेनफ्रेमवरही, चालू शकतात. ज्या घरात आजोबांचा कोट अजून कपाटात आहे आणि नातवाला बेतशीर बसतोय, तिथे नवा शिवायचा विषय कोण काढणार?

नवी पोरं काढतात.

अशाच एका रात्री साता समुद्रापलीकडच्या मेनफ्रेमवरचा लिनक्स सर्व्हर मुका झाला. एका मेनफ्रेमवर अनेक सर्व्हर नांदवणारी प्रणाली म्हणजे झेड/व्हीएम; ती सांभाळणाऱ्यांनी त्याला जुन्या व्हर्च्युअल स्विचवरून नव्यावर हलवलं होतं. जुना लेअर-३ चा, नुसत्या आयपी पत्त्यावर भागवणारा. नवा लेअर-२ चा, मॅक पत्ता मागणारा. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड मात्र माहेरचीच बोली बोलत राहिलं.

“सर, रीइन्स्टॉल करून टाकू?” एका नव्या पोराने विचारलं.

काकाने चष्मा कपाळावर चढवला. “नळ गळतो म्हणून वाडा पाडणाऱ्यांतला तू. राहतोस कुठे?”

“वाकडला, सर.”

“तरीच.”

मग शिकवणी सुरू झाली. मेनफ्रेमवर नेटवर्क कार्ड एकटं येत नाही. एफ५००, एफ५०१, एफ५०२ असे तीन पत्ते घेऊन येतं: एक वाचायला, एक लिहायला, एक माल वाहायला. तिघांची मोट बांधतो तो क्यूइथ नावाचा ड्रायव्हर. ही मोट ऑनलाइन असताना लेअर बदलायला गेलं, तर ती दाद देत नाही.

“म्हणजे आधी ऑफलाइन करायचं?”

“आधी कागदपत्रं!” काका कडाडला. चालू यंत्रात केलेला बदल रीबूट झाला की पुसला जातो. म्हणून लेअर-२ ची नोंद आधी सेटिंगच्या फाइलीत करायची. नेटवर्क बंद, त्यामुळे आत शिरायला एकच वाट: कन्सोल, म्हणजे १९७१ सालच्या ३२७० टर्मिनलची नक्कल. पोराने सवयीने व्हीआय एडिटर उघडला आणि पडद्यावर रांगोळी विस्कटली. या कन्सोलला एकेक ओळ कळते, अख्खं पान नाही. काकाने ‘सेड’ या आज्ञेची एकच ओळ टंकली आणि फाइल बदलली. पोराला त्यात ‘पोर्टनेम’ची नोंद दिसली. नव्या ड्रायव्हरला ती लागत नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

“काढू का, सर?”

“असू दे. चावते का तुला?”

मग तीन ओळी. ‘ऑनलाइन’मध्ये शून्य. ‘लेअर२’मध्ये एक. पुन्हा ‘ऑनलाइन’मध्ये एक. काकाने डब्यातली चकली मोडली, ती संपायच्या आत पिंगला उत्तर आलं. या सगळ्याला लागलेल्या अर्ध्या तासातला बराचसा वेळ वाकड-पुराणात गेला होता.

पोरगं हरखलं. आवराआवर म्हणून ते कन्सोलवर ‘लॉगऑफ’ टंकू लागलं. चौथ्या अक्षराला काकाचा हात कीबोर्डवर पडला, चकलीच्या चुऱ्यासकट. झेड/व्हीएमवर लॉगऑफ म्हणजे घरी जाताना दार ओढून घेणं नव्हे. त्याने चालता सर्व्हर जागच्या जागी बंद पडतो, प्लग उपटावा तसा. तिथे ‘डिस्क’ टंकायचं असतं, डिस्कनेक्टमधलं.

“तुम्हाला कसं ठाऊक, सर?”

काका काही बोलला नाही. त्याने वही मिटली. पण मिटण्याआधी पोराला पहिलं पान दिसलं: लाल शाईत तो एकच शब्द, खाली एक जुनी तारीख, आणि शेजारी तीनदा गिरवलेली फुली.