टॅक्सवाले अण्णा

तालुक्याच्या गावी मामलेदार येतात आणि बदलून जातात, फौजदार येतात आणि त्यांचीही यथाकाल उचलबांगडी होते. परंतु ज्याची बदली करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही, आणि तरीही ज्याच्या मुखी अष्टौप्रहर सरकारचेच नाव असते, असा एक इसम प्रत्येक पेठेत जिन्याखालच्या एखाद्या खोलीत वास करून असतो. ना तो सनदी लेखापाल, ना वकील. पण लोक त्यास कधी साहेब म्हणतात, कधी वकील म्हणतात, आणि आमच्या जतला टॅक्सवाले अण्णा म्हणतात.

अण्णांचे आजोबा डफळ्यांच्या संस्थानी दफ्तरात कारकून होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा झाला होता तो १९६० साली सांगली झाला. पण कागद बांधून ठेवण्याची आणि बांधलेला कागद कोणास सहजी न दाखविण्याची घराण्याची विद्या या राज्यक्रांत्यांतून अबाधित राहिली. खोलीत एका बाजूस लाल फडक्यात बांधलेले बस्ते, दुसऱ्या बाजूस संगणक, आणि दोहोंच्या मध्ये गुड्डापूरच्या दानम्मादेवीची तसबीर. अण्णा हिशेब मराठीत करतात, रागावतात कन्नडात, आणि आयकर खात्याचे संकेतस्थळ बंद पडले म्हणजे काही न बोलता देवीकडे पाहतात.

मनुष्यमात्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टी निराळीच आहे. पॅनच्या दहा अक्षरांतील चौथे अक्षर धारकाचा वर्ण सांगते: पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे हिंदू एकत्र कुटुंब, एफ म्हणजे भागीदारी पेढी, सी म्हणजे कंपनी. पेठेत मुख्यत्वे आढळणाऱ्या या चातुर्वर्ण्याखेरीज दुसरा जातिभेद अण्णा मानीत नाहीत. आणि ठेकेदाराच्या बिलातून पी व एच यांचा एक टक्का कापावा, इतरांचे दोन, एवढाच काय तो पंक्तिप्रपंच त्यांच्या घरी चालतो. लग्नाच्या मांडवात एखाद्याने नमस्कार केला तर त्याचे नाव त्यांस आठवत नाही, परंतु त्याचे आधार पॅनास जोडलेले नाही, हे मात्र तत्क्षणी आठवते आणि अक्षता पडण्यापूर्वीच ते त्यास ऐकवितात.

त्यांच्या अशिलांत बेदाण्याचे व्यापारी आहेत, शीतगृहवाले आहेत, कृषी सेवा केंद्रे, पेट्रोल पंप, दोन-तीन पतसंस्था आणि एक इस्पितळ आहे. या सर्वांनी नोकरांस दिलेल्या पगाराचे विवरण, १९६१ चा कायदा होता तोवर, २४क्यू या नमुन्यात आणि ठेकेदारांस दिलेल्या रकमांचे २६क्यू या नमुन्यात दर तिमाहीस भरावयाचे असे, आणि वर्षअखेरीस प्रत्येक पगारदाराच्या हाती नमुना सोळा व दर तिमाहीस प्रत्येक ठेकेदाराच्या हाती सोळा-अ पडावयाचा असे. पगारदारांचा अण्णांस फारसा उपद्रव नाही. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, व्यवसाय कराचे दोनशेऐवजी तीनशे कापले जातात तेव्हा पतसंस्थेचा शिपाई येऊन "महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि शंभर जादा, हे कसं वो?" असे विचारतो, अकरा महिन्यांचे बावीसशे आणि हे तीनशे मिळून अडीच हजार भरतात, आणि त्यापलीकडे जाण्यास राज्यघटनेनेच मनाई केली आहे, असे ऐकून तो घटनेविषयी आदर बाळगीत परत जातो.

खरा प्रसंग ठेकेदाराचा. इमारतीचे काम करणारा गवंडी ठेकेदार, साडेचार लाखांच्या बिलापोटी साडेचार हजार कमी मिळाल्याची वार्ता घेऊन येतो.

"अण्णा, माझं साडेचार हजार कुठं गेलं?"

"सरकारजमा."

"मालक म्हनतो मी घेतलं न्हाई, तुमी म्हनता मी घेतलं न्हाई. मग सरकारला दिलं कुनी?"

"तुझ्याच नावावर पडलंय. विवरणपत्र भर, कर बसत नसेल तर परत येईल."

"परत द्यायचं तर घेतलं कशापायी?"

अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात या प्रश्नाचे इतके सरळ रूप आढळत नाही. अण्णा चष्मा पुसतात आणि म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळापासून हे असंच चाललंय." यात अतिशयोक्ती नाही. ठेकेदाराचा कर मुळातच कापण्याचे १९४सी हे कलम १ एप्रिल १९७२ पासूनच लागू झाले; आणि जतकराची अशी श्रद्धा आहे की त्या वर्षी जे जे आले ते ते सोसण्यासाठीच आले, त्यामुळे तो पुढे वाद घालीत नाही. तरीही घातलाच, तर पॅन चालू नसता तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के, म्हणजे नव्वद हजार गेले असते, एवढे सांगून अण्णा त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवितात.

टँकरवाल्यांची गोष्ट वेगळी. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने तसे पॅनसह लिहून दिले म्हणजे त्याचा कर कापीत नाहीत. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या या मुलखात अकरावी गाडी घेणारा मनुष्य ती कोणाच्या नावे घेतो, हे अण्णांस ठाऊक असते. विचारीत मात्र ते कधीच नाहीत.

अण्णांचे खरे दर्शन घ्यावयाचे तर मे महिन्याच्या अखेरीस घ्यावे. इतर तीन तिमाहींस सरकार एकेक महिन्याची मुदत देते, परंतु मार्चअखेरच्या तिमाहीस पुरते दोन, म्हणजे ३१ मेपर्यंत. आणि दोन महिने मिळाले की पहिले एकोणसाठ दिवस ते आपले नव्हेतच, अशी पेठेची ठाम समजूत आहे. एप्रिलात बेदाणा, मेमध्ये लग्ने. मग तिसाव्या तारखेस चलनांच्या चुरगळलेल्या प्रती, पिशवीतली बिले आणि 'बाकी तुम्हीच बघा' हा निरोप घेऊन सारा तालुका जिन्याखाली गोळा होतो. वीज जाते, संकेतस्थळ अडते, सिद्दप्पा या नावात एक प आहे की दोन यावरून कागदपत्रांचा मेळ बसत नाही. अण्णा सर्वांस कन्नडात झाडतात. "पुढच्या वर्षी हातसुद्धा लावणार नाही," अशी प्रतिज्ञा ते दरवर्षी त्याच रात्री करतात, आणि माझे निःसंदिग्ध मत असे की, त्या रात्रीइतके सुखी ते वर्षभरात केव्हाही नसतात.

याला पुरावा आहे. एका व्यापाऱ्याने एकदा ५ एप्रिललाच सर्व कागद नीट लावून आणून दिले. अण्णांनी ते दोनदा चाळले, त्याच्या मुद्रेकडे निरखून पाहिले, आणि हलक्या आवाजात विचारले, "घरी सगळं क्षेम आहे ना?" त्यानंतर, घाई नाही म्हणून, तो गठ्ठा त्यांनी सर्वांच्या तळाशी ठेवला, पुढे आलेले सारे त्यावर रचले गेले, आणि त्या नेटक्या गृहस्थाचे विवरण एकतीस मेच्या मध्यरात्रीस काही मिनिटे असताना, सर्वांच्या शेवटी गेले. तेव्हापासून तोही तीस तारखेसच येतो, आणि व्यवहारदृष्ट्या त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आता १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे. १९६१ चा कायदा गेला, आकारणी वर्ष गेले, आणि अण्णांना नातवंडांच्या नावांहून अधिक पाठ असलेली कलमे एकाच लांबलचक कोष्टकात विलीन झाली. संस्थानाचे विलीनीकरण आजोबांनी पाहिले, कलमांचे नातवाने पाहिले. "गोऱ्या विल्सननं १८६० साली हा कर आणला आणि त्याच ऑगस्टात कलकत्त्यास मेला, निस्तरायला आम्ही राहिलो," एवढेच ते बोलले आणि नवे क्रमांक वहीत उतरवू लागले.

पेठेवरील त्यांची हुकमत मात्र कोणत्याही कायद्याने कमी होणार नाही, कारण ती उशिराच्या शुल्कावर उभी आहे. विवरण चुकले की दिवसास दोनशे रुपये, रविवारसुद्धा धरून, हे त्यांनी लाल शाईने लिहून भिंतीवर लावले आहे. हे शुल्क मूळ कराच्या रकमेपलीकडे जाऊ शकत नाही, फार लांबले तर दंडाचे कलम तेवढे निराळे, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. ते अण्णांनी आजवर एकाही अशिलास सांगितलेले नाही.