विलंबित ख्याल, व्हिएन्ना घराणे

व्हिएन्ना हे संगीताचे माहेरघर. पण तिथल्या समाजवादी मंडळींनी विलंबित लयीत जे कमावले, त्याला आपल्याकडे कुणी दाद दिलेली नाही.

९ नोव्हेंबर १९४८. बरोबर दहा वर्षांपूर्वी शहरातली सिनेगॉग जाळली गेली होती. मंत्रिमंडळापुढे विषय होता ज्यूंची लुबाडलेली मालमत्ता परत करण्याचा. समाजवादी गृहमंत्री ओस्कार हेल्मर यांनी मत मांडले, प्रकरण लांबवत न्यावे. इतिवृत्तात ते जसेच्या तसे नोंदवले गेले. (कारकून प्रामाणिक असले की पक्षाची पंचाईत होते.)

घाई होती कुणाला? पुढच्याच वर्षी निवडणूक होती आणि सुमारे पाच लाख माजी नाझींना मताचा हक्क परत मिळत होता. शिवाय ऑस्ट्रिया म्हणजे 'हिटलरचा पहिला बळी'. बळीने आणखी कुणाची माफी मागायची?

१९७० साली समाजवादी ब्रुनो क्रायस्की चॅन्सेलर झाले. स्वतः ज्यू, हिटलरमुळे स्वीडनला परागंदा झालेले, नात्यातली माणसे गमावलेले. त्यांनी कृषिमंत्री नेमले हान्स ओलिंगर यांना. हे गृहस्थ नाझींच्या एसएस दलाचे अधिकारी निघाले. महिनाभरात त्यांची प्रकृती बिघडली आणि राजीनामा आला. जागी आले ओस्कार वाइस. यांची प्रकृती ठणठणीत. ते नुसते नाझी पक्षाचे सभासद होते.

१९७५ मध्ये लपलेल्या नाझींचा माग काढणारे झिमोन विझेन्थाल यांनी फ्रीडम पक्षाचे नेते फ्रीडरिश पेटर यांची एसएस ब्रिगेड उजेडात आणली. क्रायस्कींचे अल्पमतातले पहिले सरकार तरले होते ते याच पेटरांच्या टेकूवर. मग काय, विझेन्थालच गेस्टापोला सामील होते असे क्रायस्कींनी सुचवले. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही ज्याचे गणगोत छळछावण्यांत संपले त्या संन्याशाला.

त्याच वर्षी डॉ. हाइनरिश ग्रोस यांना विज्ञान आणि कलेसाठीचे सरकारी मानचिन्ह मिळाले. डॉक्टर समाजवादी पक्षाचे सभासद. नाझी काळात ते श्पीगेलग्रुंडच्या इस्पितळात होते, जिथे अपंग मुले मारली जात. त्या मुलांचे मेंदू बरण्यांत जपून त्यांनी युद्धानंतर त्यावर शोधनिबंध लिहिले.

१९९१ मध्ये चॅन्सेलर फ्रान्झ व्रानिट्स्की यांनी संसदेत नाझी गुन्ह्यांतला देशाचा वाटा कबूल केला. तेही समाजवादीच, हे न्यायाने सांगायला हवे. ग्रोस यांचा खटला मात्र उभा राहिला २००० मध्ये. स्मृतिभ्रंशाच्या कारणाने तो पहिल्याच दिवशी थांबला. कोर्टातून ग्रोस कॉफीहाउसमध्ये गेले आणि टीव्हीवाल्यांना चांगली सुसंगत मुलाखत दिली.