स्केलवाला

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी स्केलवाला असतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी कॉम्प्युटरची, काखेत युकुलेले. ‘युकुलेले’ म्हटलेलं मात्र त्याला खपत नाही. हवाईत ‘ऊकुलेले’ म्हणतात, हे तो आधी ऐकवतो. मग १८७९ साली मदेइराहून होनोलुलूला पोचलेले पोर्तुगीज सुतार, मग कोआचं लाकूड, मग जी-सी-ई-ए. चहा निवतो, वाजवणं सुरू होत नाही.

साध्यासुध्या स्केलला तो हात लावत नाही. सी मेजर म्हणजे बालवाडी! त्याला लागतो ‘बायझंटाइन’. डिक डेलनं १९६२ मध्ये गिटारवर दणाणून सोडलेलं ‘मिसर्लू’ याच सुरांतलं, असं सांगताना त्याची नजर भूमध्य समुद्रावर असते. समोरच्या काकू पेटी शिकवतात. त्या दारातूनच म्हणाल्या, “अरे, हा तर भैरव! रे-ध कोमल.”

“काकू, भैरवात कॉर्ड नसतात,” तो उदारपणे हसला.

कर्नाटक संगीतात पोरांचा श्रीगणेशा याच सुरांनी, मायामाळवगौळनं होतो, हे त्याला कोणी सांगायला जात नाही. कशाला उगाच?

कॉर्डची मात्र खरंच गंमत आहे. सी मेजरला तीन तारा मोकळ्या, ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट, झालं. तोच आकार एक पडदा पुढे सरकवला की डी फ्लॅट, म्हणजे षड्जाला खेटून कोमल रिषभ. सांगायला सोपं. प्रत्यक्षात तर्जनी तीन तारांवर आडवी, करंगळी ताणून चौथ्या पडद्यावर आणि जीभ दातांत. एक तार तरी हटकून ‘ठक्’ करतेच. सी, डी फ्लॅट, ठक्. सी, डी फ्लॅट, ठक्. रात्री साडेदहापर्यंत. भैरव सकाळचा राग, शेजाऱ्यांचा रात्रीचा.

काकूंनी एकदा सुचवलं, की भैरवाचा रिषभ नुसता लावायचा नसतो, त्याला आंदोलन हवं. आता पडद्यात बसवलेला सूर हलणार किती? यानं तोडगा काढला. रिषभ आला, की तो मान हलवतो. धैवताला डोळेही मिटतो.

परवा लिफ्टमध्ये भेटला. खुशीत होता.

“भैरव झाला माझा. आता हंगेरियन मायनर घेतलाय.” मग काकूंकडे वळून आपुलकीनं, “तुमचा कुठवर आलाय?”