टेराफ्लॉपपंत

ज्या गृहस्थांना त्यांची मित्रमंडळी पूर्वी पाठीमागे आणि अलीकडे तोंडावरही टेराफ्लॉपपंत म्हणते, त्यांना प्रत्यक्ष व्हिडिओ गेम खेळताना फारसे कोणी पाहिलेले नाही. परंतु ते खेळ ज्या यंत्रांवर खेळले जातात आणि ज्यांना घरोघरची मुले नुसते ‘कन्सोल’ म्हणतात, त्या यंत्रांविषयी पंतांइतक्या अधिकारवाणीने बोलणारा दुसरा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही, असे विधान आम्ही मोठ्या उत्साहाने केले असते. ते करवत नाही, याचे कारण एवढेच की हा नमुना आता प्रत्येक कचेरीत एक आणि प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत किमान अर्धा, या प्रमाणात आढळू लागला आहे.

वयाने तो चाळिशीच्या अल्याडपल्याड असतो. नव्वदच्या दशकात जपानी यंत्राची बिनपरवाना नक्कल असलेली जी यंत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरली, आणि ज्यांची कॅसेट अडून बसली की तिच्या तोंडात फुंकर मारून ती मार्गावर आणावी लागे, त्यांच्यावर मारिओ आणि काँट्रा खेळत तो लहानाचा मोठा झालेला असतो. त्या काळी तो खरोखरच खेळत असे. कारण यंत्राचे सामर्थ्य किती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्या कॅसेटांच्या वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ असा आकडा ठळकपणे छापलेला असे आणि आत तेच पाचदहा खेळ नावे व रंग बदलून पुनःपुन्हा रुजू होत. आकडा आणि आनंद यांचे खाते निरनिराळे असते, हा धडा इतक्या लहान वयात आणि इतक्या अल्प किमतीत मिळूनही पंतांनी तो घेतला नाही, ही त्यांच्या चरित्रातील मूळ शोकांतिका होय.

टेराफ्लॉप म्हणजे काय, हे पंतांना विचारू नये. सेकंदाला एक लक्ष कोटी गणिते करण्याची शक्ती म्हणजे एक टेराफ्लॉप, एवढ्यावर सुज्ञ मनुष्य थांबला असता. पंत मात्र ती गणिते अपूर्णांकांची कशी असतात, चित्रातील प्रत्येक ठिपक्याची छटा आणि सावली ठरविण्याच्या कामी ती कशी येतात, आणि एका पेढीचा टेराफ्लॉप दुसऱ्या पेढीच्या टेराफ्लॉपाशी ताडून पाहताना कोणती पथ्ये पाळावीत, याचे साग्र निरूपण करतात, आणि अखेरीस ती पथ्ये स्वतः न पाळता दोन्ही आकडे एकमेकांशेजारी मांडून निवाडा देऊन मोकळे होतात.

असा सर्वांत गाजलेला निवाडा त्यांनी मार्च २०२० मध्ये दिला. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स सीरीज एक्सचे सामर्थ्य १२ टेराफ्लॉप आणि सोनीने आपल्या प्लेस्टेशन ५चे १०.२८ टेराफ्लॉप असल्याचे जाहीर करताच, दोन्ही यंत्रे बाजारात येण्यास आठ महिने अवकाश असतानाच, पंतांनी हा सामना संपल्याचे घोषित केले. पुढे यंत्रे आली, तोच खेळ दोहोंवर चालू लागला, आणि फरक कोठे आहे असे जेव्हा लोक विचारू लागले, तेव्हा पंतांनी एका भिंतीवरील विटांचे चित्र कित्येक पटींनी मोठे करून, उजवीकडच्या तिसऱ्या विटेची कड डावीकडच्यापेक्षा अधिक रेखीव असल्याचे सप्रमाण सिद्ध केले. त्या भिंतीपुढून खेळाडू गोळीबारातून जीव वाचवीत धावत असतो आणि विटा न्याहाळण्याइतकी उसंत त्याला नसते, हा मुद्दा त्यांनी अप्रस्तुत म्हणून फेटाळला. वास्तविक या दोन्ही यंत्रांचे मुख्य गणक एएमडी या एकाच अमेरिकन कंपनीने घडविलेले, एकाच घराण्यातले. एकाच आचाऱ्याच्या हातच्या दोन पंगती बसाव्यात आणि कोणत्या पंगतीत जिलेबीचे एक वेटोळे अधिक पडले यावरून वऱ्हाडात दोन तट पडावेत, तशातला हा प्रकार होता. प्लेस्टेशन ५ची विक्री आठ कोटींच्या पुढे गेली. एक्सबॉक्सची किती झाली, हे सांगण्याची सोय नाही. कारण बाराचा आकडा ज्या पेढीने डंका पिटून सांगितला, तिने किती यंत्रे विकली हा आकडा मात्र २०१५ पासूनच दप्तरबंद करून ठेवला आहे.

पंतांच्या विद्वत्तेचा कस लागतो तो इतिहासात. सामर्थ्य जिंकते हा सिद्धांत एकदा स्वीकारला म्हणजे जेथे जेथे सामर्थ्य हरले तेथे तेथे कैफियत द्यावी लागते, आणि या व्यवसायाचा इतिहास अशा कैफियतींनी इतका गच्च भरलेला आहे की पंतांना कामाची उणीव कधी भासत नाही. १९८९ साली निंटेंडोने गेम बॉय नावाचे हातात मावणारे यंत्र काढले, त्याचा पडदा हिरवट करडा आणि दिव्यावाचूनचा. त्याच्याविरुद्ध अटारीने लिंक्स आणि सेगाने गेम गिअर ही रंगीत पडद्याची, प्रकाशमान आणि सर्वार्थाने बलवत्तर यंत्रे उतरविली. गेम गिअर सहा सेल खाऊन काही तासांत निपचित पडे. गेम बॉय चार सेलांवर दिवसचे दिवस काढी. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांचे धोरणच असे होते की जुने, मुरलेले आणि स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या कामी ते लावावे. नंतरच्या रंगीत आवृत्तीसह ते यंत्र ११ कोटी ८० लाखांहून अधिक खपले. यावर पंतांचे बयान एका वाक्याचे असते : ‘‘तो दोष सेलांचा.’’

१९९३ साली अटारीने जॅग्वार आणले आणि इतरांच्या १६ बिटांपुढे आपले ६४ बिट ठेवून गिऱ्हाइकांनी हिशेब करून पाहावा असे जाहिरातीतून आव्हान दिले. गिऱ्हाइकांनी हिशेब केला आणि ते घरी गेले. अडीच लाखांचा पल्लाही त्या यंत्राला गाठता आला नाही. आत टॉम आणि जेरी अशी नावे दिलेल्या दोन चिपा होत्या, आणि त्या दोघांकडून काम करवून घेण्यात खेळ रचणाऱ्यांची दमछाक होई. या मूषक-मार्जारांत सलोखा झाला असता तर जगाचा इतिहास वेगळा झाला असता, असे पंतांचे ठाम मत आहे. निंटेंडोचे ६४ बिटांचे यंत्र १९९६ साली आले, तेही सोनीच्या ३२ बिटांच्या पहिल्या प्लेस्टेशनपुढे नमले. कारण निंटेंडो महाग आणि अल्प साठ्याच्या कॅसेटला चिकटून राहिले, सोनीने स्वस्त सीडी वापरली, आणि फायनल फँटसी ७ सारखा तीन तबकड्यांचा बाडबिस्तरा घेऊन निघालेला खेळ १९९७ साली जुने बिऱ्हाड सोडून सोनीच्या घरी राहावयास गेला. ‘‘तो दोष कॅसेटचा.’’ त्यानंतरच्या फेरीत मायक्रोसॉफ्टचे पहिले एक्सबॉक्स आणि निंटेंडोचे गेमक्यूब ही दोन्ही यंत्रे प्लेस्टेशन २पेक्षा बलिष्ठ असूनही प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींहून अधिक खपले, त्यात ते वर्षभर आधी आले आणि वर डीव्हीडीवरचे चित्रपटही दाखवी, याचा वाटा मोठा होता. ‘‘तो दोष चित्रपटांचा.’’ सेल, मांजर, कॅसेट आणि चित्रपट यांनी मिळून कट केला नसता तर सामर्थ्याचा विजय कोणीही अडवू शकला नसता, हे पंतांचे म्हणणे ऐकून घेताना त्यांच्या निष्ठेपुढे मान लवते.

परंतु खरा आघात २००६ साली झाला. सोनीने प्लेस्टेशन ३ काढले, त्याची वरच्या प्रतीची किंमत अमेरिकेत ५९९ डॉलर आणि त्यातील ‘सेल’ नामक गणक इतका प्रबळ की अमेरिकेच्या वायुदलाच्या संशोधनशाळेने पुढे सतराशेंहून अधिक प्लेस्टेशन एकत्र जोडून त्यांचा महासंगणक उभारला. हा दाखला पंत नेहमी खिशात बाळगतात. खेळण्याच्या यंत्रावर खेळ सोडून इतर काहीही उत्तम चालते, याचा त्यांना सात्त्विक अभिमान आहे. त्याच वर्षी निंटेंडोने वी आणले, जे जुन्या गेमक्यूबचेच सुधारून वाढविलेले रूप होते. सामर्थ्याच्या तराजूत त्याला कोणी उभेही केले नसते. पण हातातील दांडी हवेत फिरवली की पडद्यावर चेंडू जाई, एवढ्या एका युक्तीवर ते १० कोटी १६ लाख घरांत पोहोचले आणि बलाढ्य प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबले.

वीशी पंतांची गाठ घरातच पडली. न्यू जर्सीहून गणपतीला आलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी मुलांसाठी ते यंत्र आणले होते. आरती आटोपल्यावर दिवाणखान्यात बोलिंगचा डाव मांडला गेला, आणि पंतांच्या मातोश्री पदर खोचून, मनगटाला तो पट्टा अडकवून, पडद्यावरच्या दहा खुंट्या एकामागून एक आडव्या करू लागल्या. पोरे टाळ्या पिटीत होती, मेहुणे गुण मोजीत होते, प्रसादाची वाटी हाती तशीच धरून सूनबाई आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. पंत मात्र पडद्याला नाक लावून उभे होते. अखेरीस न राहवून ते म्हणाले, ‘‘आई, हे यंत्र अवघ्या चारशेऐंशी रेषा दाखवते. हे हाय डेफिनिशन नव्हे.’’ मातोश्री म्हणाल्या, ‘‘अरे, मोतीबिंदू झालाय मला, तेवढ्या तरी कुठे दिसताहेत? तू आधी बाजूला हो, माझा चेंडू अडतोय.’’

पंतांच्या पक्षाला एक विजय मात्र निर्विवाद लाभला आहे, आणि त्याचा वर्धापनदिन ते मनोमन साजरा करीत असावेत. २०१३ साली प्लेस्टेशन ४चे १.८४ टेराफ्लॉप एक्सबॉक्स वनच्या १.३१वर भारी पडले आणि विक्रीतही तेच पुढे राहिले. त्या वर्षी सोनीचे यंत्र ३९९ डॉलरांना आणि मायक्रोसॉफ्टचे ४९९ला होते, हे पंत सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टने प्रारंभी असेही फर्मान काढले होते की यंत्राने दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, आणि विकत घेतलेली तबकडी मित्राला देण्यावर निर्बंध राहतील. त्यावर एवढा गहजब झाला की काही दिवसांतच ते फर्मान मागे घ्यावे लागले. दरम्यान सोनीने एक छोटी चित्रफीत काढली, तीत एक मनुष्य दुसऱ्याच्या हातात तबकडी देतो आणि दुसरा आभार मानतो. खेळ उसना कसा द्यावा, याचे संपूर्ण शिक्षण तेवढ्यात आटोपते. वाचनालयाची पुस्तके सात घरे फिरवून वाचणाऱ्या आपल्या समाजाला त्या चित्रफितीतील राजकारण समजावून सांगावे लागत नाही. पुढे २०१७ साली मायक्रोसॉफ्टने ६ टेराफ्लॉपांचे नवे यंत्र काढून सामर्थ्याची गादी परत मिळविली. त्याच वर्षी निंटेंडोचे स्विच आले, जे २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४पेक्षाही दुर्बळ होते. ते आज पंधरा कोटींच्या वर गेले आहे.

यावरून सामर्थ्य निरर्थक असते असे अनुमान काढणे हा पंतांवर अन्याय होईल. सपाट चित्रांतून त्रिमिती सृष्टीत खेळ गेले ते वाढत्या शक्तीच्याच बळावर, आणि नव्या पिढीचे यंत्र आधीच्या पिढीहून दुबळे राहिले असते तर नवे घेण्याचे कारणच उरले नसते. परंतु एकाच पिढीतल्या स्पर्धकांमधला फरक थोडा असतो. खेळ रचणारे बहुधा सर्व यंत्रांवर चालेल असाच खेळ रचतात, त्यामुळे बलिष्ठाचे वाढीव बळ बव्हंशी पडीक राहते. आणि गिऱ्हाईक यंत्र घेते ते त्यावरच्या खेळांसाठी, किमतीसाठी आणि आपले सोबती कोठे खेळतात ते पाहून. आता, या तिन्हींपैकी कशावरही वाद घालण्यास खर्च किंवा श्रम पडतात. मारिओची उडी गोड आहे की नाही, हे ठरविण्यास दोन्ही पक्षांना निदान तासभर उड्या मारून पाहाव्या लागतील. आनंदाची खतावणी कोणाच्या दप्तरी नाही. टेराफ्लॉप ही मात्र या साऱ्या व्यवहारातील अशी एकमेव जिन्नस आहे की जिच्यावर यंत्र न घेता, खेळ न खेळता आणि घराबाहेर न पडता अहोरात्र वाद घालता येतो. बाजारात सामर्थ्याला किती मोल आहे याविषयी मतभेद होऊ शकेल. वादात त्याला पर्याय नाही.

पंतांनी स्वतः कोणते यंत्र घेतले, असा प्रश्न कोणी आगंतुक कधीकधी विचारतो. पंतांनी कोणतेच घेतलेले नाही. २०२१च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ आपल्याकडे ४९,९९० रुपयांना आले तेव्हा ते घेणार होते. पण अधिक बलवान आवृत्ती यावयाची होती. ती ‘प्रो’ आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये इतरत्र आली, अमेरिकेत ७०० डॉलरांना आणि तीही तबकडीच्या खणावाचून. आणि भारतात आली नाही, कारण तिच्यात वापरलेल्या सहा गिगाहर्ट्झच्या बिनतारी लहरींना त्या वेळी आपल्या सरकारची परवानगी नव्हती. एवढे समाधान पंतांना अन्य कशानेही लाभले नसते. सर्वांत समर्थ यंत्र, आणि ते न घेण्यास सरकारी हरकत!

गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी, मुलगा दहावी झाला म्हणून कोणते यंत्र घ्यावे, अशी त्यांच्याकडे मसलत केली. पंतांनी कागद मागवला, रकाने आखले, तीन पिढ्यांची जमाबंदी मांडली आणि रात्री साडेदहाला निष्कर्ष दिला की पुढच्या पिढीची यंत्रे येईपर्यंत थांबावे. शेजाऱ्यांनी आभार मानले. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाच्या वर्गातल्या चौघांकडे जे होते तेच घेतले, म्हणजे पोरांना एकत्र फुटबॉल खेळता येईल आणि तबकड्यांची अदलाबदल करता येईल. ते दाखविण्यास बापलेक पंतांकडे आले, तेव्हा पंतांनी खोके चोहोबाजूंनी फिरवून पाहिले, मागचा बारीक मजकूर चष्मा कपाळावर सारून वाचला, आणि ज्या स्वरात मुलीच्या बापाला स्थळाविषयीचे अप्रिय सत्य सांगतात त्या स्वरात ते म्हणाले, ‘‘ठीक आहे. तुम्हाला नुसते खेळायचेच असेल, तर ठीक आहे.’’